सर्व्हर डोमेनला जोडला जात नाही? तपासणी कुठून आणि कोणत्या क्रमाने करायची

विंडोज सर्व्हर बसवला, नाव दिलं, आयपी दिला, आणि डोमेनला, म्हणजे ऑफिसची खाती आणि मशीन एकत्र सांभाळणाऱ्या गटाला, जोडताना पडद्यावर एरर आली. अशा वेळी नवखा माणूस हमखास दोन गोष्टी करतो: फायरवॉल बंद करतो आणि मशीन रीस्टार्ट करतो. त्याने कधीकधी काम होतंही. पण नेमकं काय अडलं होतं ते कळत नाही, आणि पुढच्या सर्व्हरला तोच घोळ पुन्हा समोर उभा राहतो.

बाहेरून डोमेन जॉइन ही एक क्रिया दिसते. आत मात्र पाच-सहा टप्पे असतात आणि ते ठरलेल्या क्रमानेच होतात. म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करायची. चौथा टप्पा तपासून झाल्यावर पहिल्याकडे वळलात तर सकाळ गेलीच म्हणून समजा.

खालच्या उदाहरणांत डोमेनचं नाव कचेरी.लोकल आहे. डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर (थोडक्यात डीसी), डीसी१ या नावाचा असून त्याचा पत्ता १९२.१६८.१०.५ आहे. जोडायचा सर्व्हर फाइल२, पत्ता १९२.१६८.१०.२०. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, स्लॅश, डॅश, कोलन जिथे आहेत तिथेच ठेवा, आणि कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

आत काय घडतं

डोमेनचं नाव भरून ओके दाबलं की सर्व्हर आधी डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारतो: या डोमेनचे डीसी कोणते? हा प्रश्न एसआरव्ही नावाच्या खास नोंदीसाठी असतो, साध्या नाव-पत्त्याच्या नोंदीसाठी नाही. उत्तरात डीसीचं नाव आलं की त्या नावाचा आयपी शोधला जातो. मग त्या आयपीवर यूडीपी ३८९ पोर्टमधून एक छोटी विचारणा जाते, तिला एलडॅप पिंग म्हणतात. डीसीने होकार दिला की टीसीपी ४४५ वरून एसएमबी, म्हणजे फाइल शेअरिंगची, जोडणी होते. तुम्ही दिलेलं नाव आणि पासवर्ड कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीने, पोर्ट ८८ वर, पारखला जातो. ते जमलं की डिरेक्टरीत, म्हणजे डीसीवरच्या खात्यांच्या नोंदवहीत, कॉम्प्युटर अकाउंट तयार होतं किंवा आधीचं सापडतं, त्याला पासवर्ड दिला जातो आणि तोच पासवर्ड सर्व्हर स्वतःजवळ ठेवतो. शेवटी रीस्टार्ट.

आपलं पहिलं काम एवढंच: गाडी कोणत्या टप्प्यावर थांबली ते ओळखणं. त्याच्या पुढचं काहीही तपासायची गरज नसते.

एरर नीट वाचा

पडद्यावरचा संदेश बहुतेक वेळा इतका मोघम असतो की त्यावरून काही ठरवू नये. ‘डोमेनशी संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य डीएनएस चुकलं तरी येतं, पोर्ट बंद असलं तरी येतं, डीसीच आजारी असला तरी येतं. पण त्याच चौकटीत ‘डिटेल्स’ नावाचं बटण असतं. ते दाबा. आतला मजकूर दोनपैकी एक सांगतो. ‘डीएनएस नाव अस्तित्वात नाही’ असं असेल आणि सोबत ९००३ हा कोड असेल, तर तुम्ही पहिल्याच टप्प्यावर आहात. ‘क्वेरी यशस्वी झाली, हे डीसी सापडले, पण त्यांच्याशी संपर्क झाला नाही’ असं असेल, तर एसआरव्ही नोंद मिळाली आहे आणि अडचण त्यापुढची आहे. हा मजकूर विंडोज फोल्डरातल्या डीबग फोल्डरात डीसीडायग.टीएक्सटी या फाइलीतही जपून ठेवलेला असतो.

त्याच डीबग फोल्डरात नेटसेटअप.लॉग नावाची फाइल असते आणि खरी माहिती तिच्यात मिळते. प्रत्येक प्रयत्नाची नोंद तिच्या शेवटी जोडली जाते, त्यामुळे ती खालून वर वाचायची. शेवटच्या ओळीतला कोड बघा, मग वर सरकत तो कोड पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. त्या ओळीतलं फंक्शनचं नावच टप्पा सांगतं. लॉगमधले आकडे हेक्समध्ये असतात, म्हणजे १३५५ च्या जागी ५४बी दिसेल. विंडोजचा कॅल्क्युलेटर प्रोग्रॅमर मोडवर नेऊन ते दशमानात आणा आणि ‘नेट हेल्पएमएसजी १३५५’ अशी कमांड द्या, अर्थ समोर येतो.

नेहमी भेटणारे कोड असे:

९००३: डीएनएसमध्ये नावच सापडलं नाही.
१३५५: डोमेन नाही, किंवा एकही डीसी उत्तर देत नाही.
५३: नेटवर्क मार्ग सापडला नाही. बहुधा ४४५ बंद.
१३९८: दोन्हीकडच्या घड्याळांत फरक.
१३२६: नाव किंवा पासवर्ड चूक.
१९०७: पासवर्ड आधी बदलायला हवा.
१२१९: त्याच डीसीशी वेगळ्या नावाने आधीच जोडणी आहे.
५: परवानगी नाही.
८५५७: अकाउंट तयार करण्याची मर्यादा संपली.
२७३२: त्याच नावाचं जुनं अकाउंट वापरायला सुरक्षा धोरणाने मनाई केली.

पायरी १: डीएनएस

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कारण छोट्या ऑफिसांत गडबड बहुधा इथेच असते.

‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही कमांड द्या आणि डीएनएस सर्व्हर्स ही ओळ बघा. तिथे डीसीचा पत्ता, आपल्या उदाहरणात १९२.१६८.१०.५, असायला हवा. दुसरा पत्ता असलाच तर तोही दुसऱ्या डीसीचाच. राउटरचा १९२.१६८.१०.१ नको, इंटरनेट कंपनीचा नको, आणि ‘असू दे बॅकअपला’ म्हणून गूगलचा ८.८.८.८ तर मुळीच नको.

हा शेवटचा मुद्दा लोकांना पटत नाही, म्हणून जरा खोलात जाऊ. दुसरा डीएनएस म्हणजे ‘पहिल्याकडे नाव नसेल तर याला विचारा’ असा समज असतो. विंडोज तसं वागत नाही. पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर ते दुसऱ्याकडे जातं. दुसरा म्हणाला ‘असं नाव जगात नाही’, तर तेच उत्तर खरं धरलं जातं. म्हणजे डीसी क्षणभर व्यस्त होता, प्रश्न ८.८.८.८ कडे गेला, आणि त्या बिचाऱ्याला तुमचं कचेरी.लोकल कुठून माहीत असणार? त्यातून तो विचित्र प्रकार जन्मतो: सकाळी जॉइन होत नाही, दुपारी होतं. बाहेरची नावं शोधायची जबाबदारी डीसीवरच्या डीएनएसला द्या, फॉरवर्डर, म्हणजे पुढे विचारायचा बाहेरचा डीएनएस, तिथे लावा. सर्व्हरला फक्त डीसी माहीत असू दे.

त्याच कमांडच्या उत्तरात आयपीव्ही६ चे डीएनएस पत्ते दिसतात का तेही पाहा. आपल्याकडच्या फायबर जोडण्यांचे राउटर आयपीव्ही६ वाटताना सोबत स्वतःला किंवा कंपनीच्या डीएनएसला पुढे करतात, आणि तुम्ही आयपीव्ही४ मध्ये सगळं बरोबर भरलेलं असूनही प्रश्न भलतीकडे जातात. यावर इलाज आयपीव्ही६ उखडून टाकणं हा नाही, मायक्रोसॉफ्टही तसं करू नका म्हणतं. राउटरवर आयपीव्ही६ मधून डीएनएस वाटणं बंद करा.

क्लाउडमध्ये असाल तर एक वेगळी गोष्ट: अझूरमध्ये डीएनएस व्हर्च्युअल मशीनच्या आत न भरता व्हर्च्युअल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये भरायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. एडब्ल्यूएसवर हेच डीएचसीपी ऑप्शन सेटमधून होतं.

आता प्रत्यक्ष चाचणी:

एनएसलुकअप -टाइप=एसआरव्ही _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.कचेरी.लोकल

सुरुवातीचे अंडरस्कोर विसरू नका. उत्तरात पोर्ट ३८९ आणि डीसीचं पूर्ण नाव आलं पाहिजे, खाली त्याचा आयपी. उत्तराच्या माथ्यावर सर्व्हरच्या नावापुढे ‘अननोन’ दिसलं तर घाबरू नका. रिव्हर्स झोन केलेला नाही एवढाच त्याचा अर्थ, जॉइनशी त्याचा संबंध नाही.

नुसतं ‘पिंग कचेरी.लोकल’ करून उत्तर आलं म्हणून डीएनएस ठीक, असं मानू नका. ज्या कंपन्यांनी आतल्या डोमेनला वेबसाइटचंच नाव दिलेलं असतं तिथे हा सापळा पक्का: सर्व्हर बाहेरच्या डीएनएसला विचारतो, वेब होस्टिंगचा पत्ता मिळतो, पिंगला झकास उत्तर येतं, आणि ज्याला पिंग लागला त्या मशीनचा डोमेनशी काही संबंधच नसतो. पिंगमध्ये आलेला आयपी आपल्या डीसीचाच आहे का, हे वाचल्याशिवाय त्या उत्तराला किंमत नाही.

उलट, एनएसलुकअप बरोबर आणि पिंग चुकीचा, असं असेल तर सर्व्हरवरची होस्ट्स फाइल उघडा. एनएसलुकअप ती फाइल आणि सर्व्हरची कॅश वगळून थेट डीएनएसला विचारतो, म्हणून दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. कोणीतरी कधीतरी ‘तात्पुरती’ लिहिलेली ओळ तिथे सापडते. ती काढा, ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ द्या.

एसआरव्ही नोंद डीसीच्या डीएनएसमध्येही नसेल तर काम डीसीवर करायचं आहे. या नोंदी हाताने भरायच्या नसतात, डीसीवरची नेटलॉगॉन सेवा त्या स्वतः भरते. ती सेवा रीस्टार्ट करा किंवा ‘एनएलटेस्ट /डीएसरेगडीएनएस’ चालवा. तरीही येत नसतील तर दोन गोष्टी पाहा: झोनवर डायनॅमिक अपडेट, म्हणजे मशीनने स्वतःहून नोंद भरायची मुभा, चालू आहे का, आणि डीसीच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डावर डीएनएस म्हणून काय भरलं आहे. डीसीनेच इंटरनेट कंपनीचा डीएनएस लावला असेल तर तो आपली नोंद तिकडे करायला जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो.

डीसीला दोन नेटवर्क कार्डं असतील तर आणखी एक गंमत होते. तो दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये भरतो. दुसरं कार्ड बॅकअपच्या किंवा स्टोरेजच्या वेगळ्या नेटवर्कचं असेल, तर नव्या सर्व्हरला कधी पोहोचता येणारा पत्ता मिळतो, कधी न पोहोचता येणारा. त्या दुसऱ्या कार्डाच्या डीएनएस टॅबमधली ‘या जोडणीचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदवा’ ही खूण काढा आणि आधी झालेली चुकीची नोंद डीएनएसमधून पुसा.

जाता जाता: जॉइन करताना नेहमी पूर्ण नाव, म्हणजे कचेरी.लोकल, भरा. नुसतं ‘कचेरी’ भरल्यावर जॉइन झालं आणि पूर्ण नावाने होत नाही, तर तो आनंदाचा क्षण नव्हे. डीएनएस बिघडलेलंच आहे, तुम्ही मागच्या दाराने आत आलात, आणि ग्रुप पॉलिसी, म्हणजे डोमेनवरून येणारी सेटिंग्ज, चालवताना ते उघडं पडेल.

पायरी २: डीसीपर्यंतची वाट

डीसी आणि सर्व्हर एकाच स्विचवर, एकाच सबनेटमध्ये असतील तर ही पायरी बहुधा दोन मिनिटांत संपते, कारण डीसीचा रोल बसवताना विंडोज स्वतःच्या फायरवॉलमध्ये लागणारे नियम उघडतं. दोघांच्या मधे फायरवॉल, व्हीएलॅन किंवा शाखांमधला व्हीपीएन असेल तर मात्र ही यादी नेटवर्कवाल्याच्या हाती द्या:

डीएनएस: ५३, टीसीपी आणि यूडीपी
कर्बेरॉस: ८८, टीसीपी आणि यूडीपी
वेळ: १२३, यूडीपी
आरपीसी: १३५, टीसीपी
एलडॅप: ३८९, टीसीपी आणि यूडीपी
एसएमबी: ४४५, टीसीपी
पासवर्ड बदल: ४६४, टीसीपी आणि यूडीपी
आरपीसीचे बदलते पोर्ट: ४९१५२ ते ६५५३५, टीसीपी

शेवटची ओळ पाहून फायरवॉल सांभाळणाऱ्याचा चेहरा बदलतो, आणि तो १०२५ ते ५००० उघडून देतो. तो पल्ला विंडोज सर्व्हर २००३ च्या काळातला. सर्व्हर २००८ पासून पल्ला वर दिलेलाच आहे. डीसीपुरताच उघडायचा आहे, सगळ्या जगासाठी नाही, हे सांगितलं की गाडी पुढे सरकते.

तपासायला पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन डीसी१.कचेरी.लोकल -पोर्ट ४४५’ अशी कमांड द्या, मग ८८, १३५, ३८९ साठी तीच. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ हवं. पण ही कमांड फक्त टीसीपी तपासते. एलडॅप पिंग जातो यूडीपीवरून. टीसीपी ३८९ उघडा आणि यूडीपी ३८९ बंद, हा फायरवॉलवरचा अगदी नेहमीचा प्रकार आहे, आणि त्यात माणूस पार गोंधळतो: एनएसलुकअप बरोबर, टेस्ट-नेटकनेक्शन सगळीकडे ट्रू, तरी १३५५. अशा वेळी ही कमांड द्या:

एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:कचेरी.लोकल /फोर्स

ही जॉइनसारखीच डीसी शोधते, यूडीपीसकट. डीसीचं नाव, पत्ता आणि साइट, म्हणजे डिरेक्टरीतलं त्याचं ठिकाण, परत आली तर पायरी १ आणि २ चा बराच भाग एका झटक्यात पार पडला. आली नाही आणि एसआरव्ही नोंद मात्र मिळते आहे, तर यूडीपी ३८९ वर संशय घ्या. मायक्रोसॉफ्टचं पोर्टक्वेरी हे छोटं साधन यूडीपी तपासू शकतं.

४४५ उघडा असूनही एसएमबी जोडणी होत नसेल तर सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स’ ची खूण आहे का बघा. सर्व्हर ‘कडक’ करण्याच्या उत्साहात कोणीतरी ती काढून टाकलेली असते.

आणि डीसीच सर्व्हर २००३ चा असेल तर? सर्व्हर २०१९ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत एसएमबी१ मुळात बसवलेलंच नसतं, आणि २००३ ला त्याखेरीज काही येत नाही. एसएमबी१ परत चालू करून काम उरकायचा मोह टाळा. २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी संपला. बदलायचा आहे तो डीसी.

पायरी ३: घड्याळ

कर्बेरॉसला दोन मशीनच्या घड्याळांत ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. फरक मोठा असेल तर १३९८ येतो. कधी जॉइन जुन्या एनटीएलएम पद्धतीने पार पडतंही, आणि रीस्टार्टनंतर लॉगिनच्या वेळी रडगाणं सुरू होतं.

आपल्याकडे याचं एक ठरलेलं कारण आहे. अमेरिकन इंग्रजी विंडोज सर्व्हर बसवला की त्याचा टाइम झोन अमेरिकेचा पॅसिफिक असतो. बसवणारा घड्याळ चुकीचं बघतो आणि झोन न बदलता हाताने आकडे फिरवून भारतीय वेळ लावतो. पडद्यावर दुपारचे २ वाजलेले दिसतात, डीसीवरही २. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण कर्बेरॉस यूटीसी वेळ बघतो. डीसीच्या मते यूटीसी सकाळचे साडेआठ आहेत, आणि नव्या सर्व्हरच्या मते रात्रीचे १०. हिवाळ्यात हा फरक साडेतेरा तास पडतो, अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना साडेबारा.

म्हणून घड्याळाकडे न बघता मोजा:

डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:डीसी१.कचेरी.लोकल /सॅम्पल्स:५ /डेटाओन्ली

प्रत्येक ओळीत सेकंदांतला फरक येतो. ३०० च्या पुढे असेल तर आधी टाइम झोन ‘टीझेडयुटिल /एस’ पुढे अवतरणात ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ लिहून बदला, मग वेळ लावा. क्रम उलटा केलात तर वेळ पुन्हा हलते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये वेळ बरोबर केली आणि थोड्या वेळाने परत बिघडली, तर चूक होस्टच्या घड्याळात आहे. होस्ट आपली वेळ आतल्या मशीनवर लादतो. आधी होस्ट दुरुस्त करा.

डीसी स्वतः वेळ कुठून घेतो तेही एकदा बघून ठेवा. डोमेनमधल्या सगळ्यांची वेळ शेवटी पीडीसी एम्युलेटर या भूमिकेच्या डीसीवरून येते, त्यामुळे बाहेरचा एनटीपी सर्व्हर फक्त त्यालाच लावायचा. भारतातल्या कंपन्यांसाठी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हा स्रोत एनआयसीचा किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, अथवा त्यांच्याशी जुळवलेला असावा लागतो.

पायरी ४: नाव, पासवर्ड, अधिकार

नाव-पासवर्ड विचारणारी चौकट आली म्हणजे डीसी सापडला. नेटवर्कवाल्याला फोन करायचं थांबवा.

नाव नुसतं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असं भरू नका. ‘कचेरी\नाव’ किंवा ‘नाव@कचेरी.लोकल’ असं भरा, म्हणजे ते सर्व्हरवरचं खातं आहे की डोमेनचं, याबद्दल शंका राहत नाही. १३२६ ची निम्मी गोष्ट इथे मिटते.

१९०७ आला तर खातं नवीन आहे. ते तयार करताना ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावा’ ही खूण राहिली आहे, आणि जॉइनच्या चौकटीत पासवर्ड बदलायची सोय नसते. १२१९ आला तर तुम्ही आधी डीसीवरचं एखादं शेअर दुसऱ्या नावाने उघडलं होतं, बहुधा ड्रायव्हर किंवा सेटअप कॉपी करायला. ‘नेट यूज * /डिलीट’ द्या किंवा सरळ रीस्टार्ट करा.

अधिकारांचा भाग थोडा फसवा आहे. मूळ सेटिंगनुसार डोमेनमधला कोणताही साधा वापरकर्ता १० मशीन जोडू शकतो. त्यामुळे आयटीतला नवा मुलगा पहिले दहा सर्व्हर आरामात जोडतो आणि अकराव्याला ८५५७ येतो. तेव्हा सगळे अकराव्या सर्व्हरमध्ये खोट शोधत बसतात. अनेक ठिकाणी ही मर्यादा सुरक्षेसाठी शून्यावर आणलेली असते, ते योग्यच आहे. तिथे पहिल्याच मशीनला नकार मिळतो.

मर्यादा वाढवणं हा उपाय नव्हे, आणि प्रत्येक नव्या सर्व्हरवर डोमेन ॲडमिनचा पासवर्ड टाइप करणं तर त्याहून वाईट. जॉइनसाठी एक वेगळं खातं ठेवा आणि ज्या ओयूमध्ये, म्हणजे डिरेक्टरीतल्या कप्प्यात, सर्व्हर ठेवायचे, तेवढ्या ओयूवर त्याला कॉम्प्युटर ऑब्जेक्ट तयार करण्याचा अधिकार डेलिगेट करा. मग जॉइन करताना ओयू स्पष्ट सांगावा लागतो, कारण न सांगितल्यास मशीन ‘कॉम्प्युटर्स’ या मूळ कंटेनरमध्ये जायला बघतं आणि तिथे या खात्याला हक्क नसतो. मिळतो तो ५. पॉवरशेलची ॲड-कॉम्प्युटर ही कमांड -ओयूपाथ हा पर्याय घेते. जॉइनच्या जुन्या चौकटीत ओयू भरायला जागाच नाही.

पायरी ५: त्याच नावाचं जुनं अकाउंट

जुना सर्व्हर बंद पडला, नवा बसवला, नाव तेच ठेवलं. पूर्वी हे बिनबोभाट चालायचं. ११ ऑक्टोबर २०२२ च्या विंडोज अपडेटांपासून चालत नाही, आणि २७३२ येतो. डिरेक्टरीतलं आयतं अकाउंट दुसऱ्याच कोणी बळकावू नये म्हणून हा बदल केला गेला. आता आधीचं अकाउंट पुन्हा वापरता येतं ते तीन वाटांनी: जोडणाऱ्याने स्वतःच ते तयार केलं असेल तर, डोमेन ॲडमिन गटातल्या कोणी केलं असेल तर, किंवा त्या अकाउंटचा मालक एका खास पॉलिसीच्या यादीत असेल तर. ही पॉलिसी, ‘अलाउ कॉम्प्युटर अकाउंट री-यूज ड्युरिंग डोमेन जॉइन’, मार्च २०२३ च्या अपडेटांसोबत आली आणि ती डोमेन कंट्रोलरांना लागू करायची असते.

इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत ‘नेटजॉइनलेगसीअकाउंटरीयूज’ ही रजिस्ट्री की लावा असं सापडेल. त्यात वेळ घालवू नका, २०२४ मधल्या अपडेटांनंतर ती निकामी झाली.

एकटा-दुकटा सर्व्हर असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे जुनं अकाउंट काढून टाकणं किंवा नव्याला वेगळं नाव देणं. काढण्याआधी मात्र ते खरंच मेलेलं आहे का ते बघा: लास्ट लॉगॉनची तारीख, गटांतली सदस्यता, बिटलॉकरच्या रिकव्हरी की. चालू सर्व्हरचं अकाउंट उडवलंत तर एकाचे दोन बिघाड होतील. नाव बदलताना १५ अक्षरांच्या आत ठेवा. त्यापुढचा भाग नेटबायोस या जुन्या नाव-पद्धतीत कापला जातो, आणि ‘पुणेकोठारसर्व्हर०१’ व ‘पुणेकोठारसर्व्हर०२’ छापाची लांब नावं कापल्यावर एकच होऊन बसतात.

अकाउंट काढलं तरी ‘आधीपासून आहे’ असंच येत असेल, तर तुम्ही एका डीसीवर काढलं आणि सर्व्हर दुसऱ्याशी बोलतोय. एकाच साइटमधल्या डीसींना बदल काही सेकंदांत कळतो. साइट वेगळ्या असतील, समजा मुख्य कचेरी पुण्यात आणि शाखा नागपुरात, तर मूळ सेटिंगनुसार १८० मिनिटंही लागू शकतात. थांबा, किंवा ॲड-कॉम्प्युटरला -सर्व्हर पर्यायातून ठरावीक डीसीकडेच पाठवा.

क्लोन केलेलं मशीन

एका व्हर्च्युअल मशीनची प्रत काढून दुसरं करताना सिसप्रेप, म्हणजे मशीनची जुनी ओळख पुसणारं विंडोजचं साधन, चालवलं नसेल, तर दोघांचा एसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, एकच राहतो. त्यातल्या एकाचा पहिला डीसी बनवला असेल तर दुसऱ्याला जॉइन करताना स्पष्ट संदेशच येतो की मशीनचा आणि डोमेनचा एसआयडी एक आहे. सरावासाठी घरी लॅब उभारणाऱ्यांना हा हमखास भेटतो. सर्व्हर २०२५ वर तर २०२५ च्या उत्तरार्धातल्या अपडेटांपासून सारख्या एसआयडीच्या दोन मशीनमधली कर्बेरॉस आणि एनटीएलएमची ओळख नाकारली जाते. साचा बनवतानाच ‘सिसप्रेप /जनरलाइज /ओओबीई /शटडाउन’ करून ठेवा.

सर्व्हर ठीक, डीसीच आजारी

दुसरं मशीनही जॉइन होत नसेल तर या सर्व्हरला सोडा. डीसीवर ‘नेट शेअर’ द्या. यादीत सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन हे डीसीचे दोन्ही शेअर हवेत. नसतील तर तो डीसी ‘मी डीसी आहे’ असं जाहीरच करत नाही, आणि बाहेरून ते १३५५ सारखं दिसतं. डीसी बॅकअपमधून परत आणल्यानंतर हे वारंवार होतं, कारण सिसव्हॉलचं रेप्लिकेशन, म्हणजे डीसींमधली जुळवाजुळव, अडकून बसतं. ‘डीसीडायग /टेस्ट:ॲडव्हर्टायझिंग’ आणि ‘डीसीडायग /टेस्ट:डीएनएस’ या दोन चाचण्या पुढची दिशा देतात. एकापेक्षा जास्त डीसी असतील तर ‘रेपॲडमिन /शोरेप्ल’ सुद्धा.

जॉइन झाल्यावर

रीस्टार्टच्या आधी एक गोष्ट पक्की करा: सर्व्हरच्या लोकल ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे आणि तो चालतो. डोमेनमध्ये काही बिनसलं तर आत शिरायला तेवढंच दार असतं.

रीस्टार्टनंतर डोमेनच्या खात्याने लॉगिन करा आणि ‘एनएलटेस्ट /एससी_व्हेरिफाय:कचेरी.लोकल’ द्या. मग ‘जीपीअपडेट /फोर्स’, आणि ‘डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स’ मध्ये डीसीचं नाव येतं का ते बघा. तिथे ‘लोकल सीमॉस क्लॉक’ आलं तर घड्याळाचं काम अर्धवट आहे. डिरेक्टरीत मशीन कोणत्या ओयूमध्ये पडलं तेही तपासा. ‘कॉम्प्युटर्स’ कंटेनरला ग्रुप पॉलिसी जोडता येत नाही, त्यामुळे तिथे राहिलेला सर्व्हर तुमच्या ओयूच्या पॉलिसींना मुकतो आणि ‘पॉलिसी लागत नाही’ ही नवी तक्रार उभी राहते.

काही आठवड्यांनी कोणी या सर्व्हरचा जुना स्नॅपशॉट परत लावला आणि ‘ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड’ असा संदेश आला, तर डोमेनमधून काढून पुन्हा जोडू नका. सर्व्हर आपला मशीन पासवर्ड मूळ सेटिंगनुसार दर ३० दिवसांनी बदलतो. स्नॅपशॉटमध्ये जुना आहे, डीसीकडे नवा. लोकल ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगिन करून पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल -रिपेअर -क्रेडेन्शियल कचेरी\नाव’ चालवा. उत्तर ‘ट्रू’ आलं की झालं, रीस्टार्टचीही बहुधा गरज पडत नाही.